कविता की ललिता?

सटाण्यात पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला उतरणाऱ्या पोरापोरींना दोन आकडे झोपेतही आठवतात. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवले तर वीसपैकी वीस गुण; मुलींना ८०० मीटरसाठी तीच रेषा २ मिनिटं ५० सेकंदांवर. त्या रेषेच्या अलीकडे येण्यासाठी किती महिने घाम गाळावा लागतो, हे बागलाणातल्या घरांना वेगळं सांगायला नको. मराठी धावण्यातला एक जुना वाद तपासायला याहून चांगली मोजपट्टी नाही: कविता राऊत श्रेष्ठ, की ललिता बाबर?

कविता आपल्याच नाशिक जिल्ह्याची, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव लोकांनीच तिला दिलं. ललिता साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, खो-खो खेळता खेळता लांब पल्ल्याकडे वळलेली. एक धो-धो पावसाच्या डोंगरातली, दुसरी कायम दुष्काळाशी झगडणाऱ्या माळावरची.

आधी कविताचा सर्वोत्तम दिवस घेऊ. नोव्हेंबर २०१०, चीनमधल्या ग्वांगझूची आशियाई स्पर्धा, १० हजार मीटर. चारशे मीटरच्या ट्रॅकला पंचवीस फेऱ्या. कवितानं त्या ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत पूर्ण केल्या आणि रौप्यपदक जिंकलं. म्हणजे सरासरी साडेशहात्तर सेकंदांना एक फेरी. त्या गतीनं १६०० मीटर होतात सुमारे ५ मिनिटं ६ सेकंदांत. भरतीत मुलांना पूर्ण गुण देणारी ही धाव कविता एकदा धावून थांबली नाही. तशा सहा धावा तिनं एकामागोमाग एक, मध्ये श्वास न घेता जोडल्या आणि वर आणखी चारशे मीटर धावली. सुवर्ण मिळालं केरळच्या प्रीजा श्रीधरनला, वेळ ३१:५०.४७. दोघींत एका सेकंदापेक्षाही कमी फरक. दहा किलोमीटर धावल्यावर जेमतेम पाच मीटरचं अंतर!

आता ललिता. ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिक, ३००० मीटर स्टीपलचेस. प्राथमिक फेरीत तिची वेळ ९ मिनिटं १९.७६ सेकंद. चारशे मीटरमागे साडेचौऱ्याहत्तर सेकंदांच्या आसपास. म्हणजे कविताच्या त्या शर्यतीपेक्षा दर फेरीला जवळपास दोन सेकंदांनी वेगवान. आणि ललिताच्या वाटेत अडथळे होते! ८०० मीटरचा हिशेब केला तर सुमारे २ मिनिटं २९ सेकंद, आणि तेवढ्या वेळात जवळपास दहा उड्या.

स्टीपलचेस नीट पाहिली नसेल तर जरूर पाहा. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा, एकूण ३५ उड्या. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की आडवा होतो. हा मात्र जड लाकडी ओंडका, जागचा हलत नाही. ठेच लागली तर पडतो तो धावपटू. पाण्याचा खड्डा तर फारच हुशारीनं बांधलेला असतो. ओंडक्यालगत पाणी सर्वांत खोल, पुढे तळ चढत जातो आणि पाणी उथळ होतं. म्हणून ओंडक्यावर एक पाय रोवून जो जितका लांब झेपावेल, तितकं कमी पाणी त्याच्या वाट्याला येतं. थकलेल्या पायाची झेप आखूड पडते, तो खोल पाण्यात उतरतो आणि त्यातून बाहेर यायला आणखी ताकद खर्च करतो. दमलेल्याला आणखी दमवणारी ही रचना आहे.

या दोन शर्यती शरीराकडून निरनिराळ्या गोष्टी मागतात. जोरात धावताना स्नायूंत लॅक्टेट तयार होतं आणि शरीर ते वापरून संपवतही असतं. एका विशिष्ट वेगापर्यंत ही आवकजावक जुळते. त्यापुढे गेलं की पाय झपाट्यानं जड होतात. दहा हजारांच्या धावपटूचं कसब हे, की त्या काठावरून अर्धा तास चालत राहायचं आणि शेवटच्या फेरीसाठी थोडं शिल्लक ठेवायचं. स्टीपलचेसमध्ये तो काठ लवकरच ओलांडावा लागतो. वर प्रत्येक उडीला लय तुटते, अंगाचा भार एका पायावर आदळतो आणि गमावलेला वेग पुन्हा कमवावा लागतो. हे पस्तीस वेळा. काठ ओळखून संयम पाळणं कविताचं, आणि काठापलीकडेही पावलांची शिस्त न सोडणं ललिताचं.

मग तुलना करायची कशी? दोघी धावल्या असं एक अंतर आहे: मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. ललितानं जानेवारी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांची वेळ दिली. कवितानं फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २:३८:३८ वेळेत. अडीच तासांहून जास्त धावणं, आणि फरक सतरा सेकंदांचा! किलोमीटरमागे अर्धा सेकंदही नाही. मुंबईच्या वाटेत पेडर रोडचा चढ आहे, गुवाहाटीचा रस्ता वेगळा, हवा वेगळी. ज्या एका अंतरावर न्याय व्हायला हवा, तिथेच काटा मध्यावर थांबतो.

घड्याळ आणखी एका ठिकाणी फसवतं. ग्वांगझूच्या साधारण सहा आठवडे आधी, ऑक्टोबर २०१० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कवितानं याच अंतरात कांस्यपदक घेतलं. वेळ ३३:०५.२८, ग्वांगझूपेक्षा तब्बल ७४ सेकंदांनी संथ. तरी इतिहास घडला तो दिल्लीत. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुरुष धरले तरी तिच्याआधी होते १९५८ मधले मिल्खा सिंग. पदकाच्या शर्यतीत सगळ्या एकमेकींवर नजर ठेवून धावतात, कोणी कधी वेग वाढवावा यावर सारं ठरतं. त्या दिवशी तिच्या पुढे फक्त दोन केनियन धावपटू होत्या.

तरीही कौल द्यायचाच तर तो ललिताकडे जातो, आणि कारण तिच्या चढत्या आलेखात आहे. मॅरेथॉनकडून ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ९:३५.३७ वेळेत कांस्य घेतलं. २०१५ मध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी आणि आठवा क्रमांक. मग रिओ: दोन वर्षांच्या आत पंधरा सेकंदांहून अधिक सुधारणा, १५ ऑगस्टला अंतिम फेरी, दहावी जागा. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिचा राष्ट्रीय विक्रम मोडायला २०२३ साल आणि पारुल चौधरी यावी लागली. त्याच रिओत कविता मॅरेथॉनमध्ये १२० वी आली. जगाच्या सर्वांत मोठ्या मैदानावर, आपापल्या दिवशी, ललिता पुढे होती.

पण प्रश्न थोडा बदला, म्हणजे उत्तरही बदलतं. कोणामुळे मागून जास्त मुली धावू लागल्या? नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली कविता घडली. त्याच वाटेनं पुढे आपल्या जिल्ह्यातली संजीवनी जाधव आली, जिनं २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारांचं रौप्य मिळवलं. मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका जिल्ह्यातून अशी रांग लागते, तेव्हा तिच्या डोक्याशी कोणी तरी आधी धावून गेलेलं असतं. तो मान निर्विवाद कविताचा.

वाद घालावाच. तो घालताना मात्र कुठला प्रश्न विचारतोय हे आधी ठरवावं, आणि जमल्यास एकदा मैदानावर उतरून साडेशहात्तर सेकंदांत एक फेरी मारून पाहावी. पंचवीसपैकी पहिली.