काटा खाली आला म्हणजे पंप गेला?

माहुलचं नाव काढलं की मुंबईकराला आधी वास आठवतो, मग तेलाच्या टाक्या. इथल्या दोन रिफायनऱ्या 1954 आणि 1955 सालच्या. त्यांतल्या हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत पेट्रोल-डिझेलबरोबर वंगणाचं मूळ तेल, म्हणजे बेस ऑइलही निघतं. मुंबईच्या दुसऱ्या टोकाला जुहूचा विमानतळ. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरले ते एकाच जिप्सी इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून. पुढे आपल्या फ्लाइंग क्लबांत हिंदुस्थान एअरक्राफ्टचं पुष्पक आलं. 1958 साली प्रथम उडालेलं, 90 अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टल इंजिनाचं. या जुन्या इंजिनांभोवती वावरणाऱ्यांत ऑइल प्रेशरबद्दल काही समज पक्के बसलेले असतात.

त्यातला सगळ्यात घट्ट समज म्हणजे तेलाचा पंप दाब तयार करतो, म्हणून दाब कमी झाला की पंप गेला. खरं तर पंपातली दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरून दर फेरीला ठरावीक तेल पुढे ढकलतात, बस्स. दाब निर्माण होतो तो पुढे बेअरिंगच्या बारीक फटींतून ते तेल जाताना अडतं म्हणून. चाळीत तळमजल्यावरच्या सगळ्या तोट्या उघड्या असल्या की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. मोटर तीच, टाकी तीच. बेअरिंग झिजून फटी वाढल्या की इंजिनात नेमकं हेच होतं. असे गिअर पंप सहसा बेअरिंगच्या आधी हार मानत नाहीत. अपवाद एक: विमान महिनोन्महिने उभं राहिलं किंवा इंजिन उघडून पुन्हा बसवलं, तर पंप कोरडा पडतो आणि तेल ओढतच नाही. म्हणून जुळणी करताना त्यात पेट्रोलियम जेली भरतात, आणि सुरू केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही तर इंजिन बंद करतात.

दुसरा समज जास्त महागात पडतो: रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग कसली किंवा तिच्यामागे वॉशर घातला की दाब येतो. हा व्हॉल्व्ह दाबाला वरची मर्यादा घालतो. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तो उघडतो आणि जादा तेल परत सोडून देतो. फटी वाढल्यामुळे दाब मुळात तिथवर पोचतच नसेल, तर व्हॉल्व्ह आधीच बंद आहे. बंद दार आणखी घट्ट करून काय मिळणार? काही मिळालंच, तर सकाळी थंड इंजिनात दाब नको तितका चढतो. व्हॉल्व्ह दोषी असतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्या बैठकीवर कार्बनचा कण अडकतो किंवा बैठकच घासून जाते, आणि तेल सतत गळत राहतं. अशा वेळी व्हॉल्व्हचा प्लंजर काढून पुसून पाहण्यात अर्थ आहे. दाब कधी पडतो, हेही बरंच सांगून जातं. उड्डाणात ठीक पण गरम आयडलिंगला मान टाकतो, तर संशय बेअरिंगवर. काल ठीक होता आणि आज सगळ्याच आरपीएमला एकदम कमी, तर आधी व्हॉल्व्ह आणि गेज.

गेजचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. जुन्या विमानांत तांब्याची बारीक नळी इंजिनातून थेट डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत तेल आणते. ती चोंदली, चेपली किंवा तिच्यातलं तेल थंडीने घट्ट झालं की काटा खोटं बोलतो किंवा उशिरा बोलतो. म्हणून जमिनीवरचं पहिलं काम एकच: तपासून घेतलेला दुसरा गेज इंजिनालाच जोडून बघणं. मात्र हवेत असताना ‘गेजच बिघडला असेल’ ही समजूत जीवघेणी ठरू शकते. दाब खाली आणि तेलाचं तापमान वर, असं जोडीने दिसलं तर जवळच्या धावपट्टीवर उतरायचं, वाद जमिनीवर घालायचा.

जास्त दाब म्हणजे निरोगी इंजिन, हेही खरं नाही. थंड तेल घट्ट असतं, म्हणून काटा वर जातो, पण बेअरिंगपर्यंत तेल कमीच पोचतं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या इंजिनाचा काटा सकाळपेक्षा खाली दिसणं स्वाभाविक आहे, मर्यादेत असला म्हणजे झालं. पुष्पकच्या इंजिनाच्या घराण्यात उड्डाणात सुमारे 30 ते 60 पौंड आणि आयडलिंगला किमान 10 असा हिशेब धरतात. जिप्सी मेजर इंजिनात 40 ते 45. नेमका आकडा त्या त्या मॅन्युअलमधला.

आता तेलाकडे. तेल जास्त भरलं तर दाब वाढतो का? नाही. ओढणारं तोंड तेलात बुडालेलं आहे तोवर पातळीने फरक पडत नाही. जादा तेल ब्रीदरच्या नळीतून विमानाच्या पोटावर येतं. पातळी फारच उतरली तर मात्र वळताना हवा ओढली जाते आणि काटा थरथरतो. जाडं तेल घातलं की आकडा सुधारतो खरा, पण झीज झाकली जाते. आणि मोटारीचं तेल? बेस ऑइल म्हणजे इंजिन ऑइल नव्हे; त्यात काय मिसळलं यावर सगळं ठरतं. मोटारीच्या तेलातल्या डिटर्जंटमध्ये धातूची संयुगं असतात, ती जळून त्यांची राख होते. गरम चालणाऱ्या एअर-कूल्ड सिलिंडरमध्ये ती राख साचून तापते आणि मिश्रण वेळेआधीच पेटवू शकते. म्हणून विमानाच्या तेलात राख न सोडणारे डिस्पर्संट वापरतात. शिवाय डब्यावरच्या 100 ला घाबरू नये, ते मोटारीच्या एसएई 50 च्या आसपासचंच तेल. 80 म्हणजे एसएई 40.

खरा निकाल स्ट्रेनरमध्ये मिळतो. जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर धुवावी. काळा कण नखाखाली चिरडला तर तो कार्बन. लोहचुंबकाला चिकटला तर पोलाद. चमकतो, चिरडत नाही आणि चुंबकालाही दाद देत नाही, तर तो बहुधा बेअरिंगचा धातू, आणि असं इंजिन उघडल्याशिवाय उडवू नये.

तेव्हा आधी दुसरा गेज जोडा, मग जाळी पाहा, मॅन्युअल उघडा, आणि लायसन्सधारी इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्प्रिंगला हात लावू नका.