जुन्या घराचे कर्ज, नव्या घराचा शोध

लग्नानंतर घेतलेली एका शयनकक्षाची सदनिका, पुढे झालेली दोन मुले, गावाहून राहण्यास आलेले वृद्ध आई-वडील आणि अजून निम्म्याहून अधिक शिल्लक असलेले गृहकर्ज, हे चित्र मुंबई-पुण्याप्रमाणेच इंदूर, बडोदा, बंगळुरू किंवा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या असंख्य मराठी कुटुंबांत दिसते. कोरोना साथीच्या काळात घरातूनच कार्यालय आणि शाळा चालविण्याची वेळ आली, तेव्हा एका खोलीची उणीव अधिकच जाणवली. अशा वेळी मोठ्या घराचा शोध सुरू होतो. मात्र पहिल्या घराच्या खरेदीपेक्षा हा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा असतो. एकाच वेळी घर विकावयाचे, कर्ज फेडावयाचे, दुसरे घर घ्यावयाचे आणि नवे कर्ज उचलावयाचे असते. यांपैकी एक दुवा निखळला तरी कुटुंबाची अनेक वर्षांची बचत अडचणीत येऊ शकते.

किती कर्ज फिटले?

अनेक वर्षे नियमित हप्ते भरले म्हणजे कर्जाचा मोठा भाग फिटला असेल, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा हिस्सा व्याजापोटी जातो. उदाहरणार्थ, ३० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले असेल तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. सात वर्षांत कर्जदाराने जवळपास २१ लाख ८७ हजार रुपये भरलेले असतात. तरीही मुद्दल केवळ साडेपाच लाखांनी कमी होऊन सुमारे २४ लाख ५३ हजार रुपये शिल्लक राहते.

त्यामुळे घर शोधण्यापूर्वी बँकेकडून शिल्लक कर्जाचे लेखी पत्र मागवून घेणे, ही पहिली पायरी ठरते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्या वेळी अनेक बँकांनी हप्ता न वाढविता कर्जाची मुदत वाढविली होती. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात हा दर टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला. या चढउतारांनंतर आपल्या कर्जाची नेमकी किती वर्षे उरली आहेत, याची अनेकांना कल्पना नसते.

एका खोलीची किंमत

वरील उदाहरणातील कुटुंबाचे घर ७० लाख रुपयांना विकले गेले असे समजू. शिल्लक कर्ज आणि एक टक्का दलाली वजा जाता हाती सुमारे ४४ लाख ७७ हजार रुपये राहतील. नवे घर १ कोटी १० लाख रुपयांचे आहे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क धरल्यास ७ लाख ७० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार, दलाली १ लाख १० हजार आणि अंतर्गत सजावट, सामानाची वाहतूक इत्यादींसाठी ४ लाख असा खर्च येतो. म्हणजे एकूण गरज १ कोटी २३ लाख १० हजार रुपयांची असून नवे कर्ज सुमारे ७८ लाख ३३ हजार रुपयांचे घ्यावे लागेल.

याच ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी या कर्जाचा हप्ता सुमारे ६८ हजार रुपये होतो. म्हणजे दोन घरांच्या किमतीतील फरक ४० लाखांचा असला तरी मासिक हप्ता अडीच पटींहून अधिक वाढतो. व्याजदर एक टक्क्याने वाढल्यास हप्त्यात आणखी सुमारे पाच हजारांची भर पडते. कर्जदाराचे वय ४५ असेल आणि निवृत्तीपूर्वी कर्ज फेडण्यासाठी १५ वर्षांचीच मुदत घेतली, तर हप्ता ७७ हजारांच्या पुढे जातो.

एकूण हप्ते निव्वळ मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असा ढोबळ निकष धरला तरी या कुटुंबाचे उत्पन्न किमान १ लाख ३६ हजार रुपये असावयास हवे. पती-पत्नी दोघांच्या वेतनावर कर्ज घेतले जात असेल, तर एकाचे वेतन काही महिने बंद पडल्यास हप्ता कसा भरला जाईल, याचाही विचार आधीच व्हावयास हवा. नवा हप्ता पेलवेल की नाही हे पाहण्याचा एक साधा उपाय आहे. जुना हप्ता आणि संभाव्य नवा हप्ता यांतील फरकाची रक्कम सहा महिने दरमहा वेगळ्या खात्यात टाकून पाहावी. घरखर्च त्यानंतरही सुरळीत चालला तरच पुढे जावे. ही रक्कम पुढे नोंदणीच्या खर्चासाठीही उपयोगी पडते.

बँक किती कर्ज देते?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्के आणि ७५ लाखांवरील कर्जासाठी ७५ टक्के रक्कम देता येते. महागड्या घरांच्या बाबतीत या मूल्यात मुद्रांक व नोंदणी शुल्क धरले जात नाही. ते ग्राहकाला स्वतःच्या खिशातून भरावे लागते. बँक स्वतःच्या मूल्यमापकाकडून घराची किंमत ठरविते. ती व्यवहारातील किमतीपेक्षा कमी निघाल्यास तो फरकही ग्राहकावरच पडतो.

आधी विक्री की आधी खरेदी?

या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. आधी विक्री केल्यास हाती किती रक्कम येणार हे निश्चित कळते आणि दोन हप्त्यांचा भार पडत नाही. परंतु नवे घर मिळेपर्यंत भाड्याच्या घरात राहावे लागते, सामान दोनदा हलवावे लागते आणि त्या काळात किमती वाढल्यास अंदाजपत्रक कोलमडते.

आधी खरेदी केल्यास मनासारखे घर हातचे जात नाही. मात्र जुने घर वेळेत न विकले गेल्यास दोन्ही कर्जांचे हप्ते एकाच वेळी भरावे लागतात. घाईने विक्री करावयाची असल्याचे खरेदीदाराच्या लक्षात आले की तो किंमत पाडून मागतो. काही बँका अशा मधल्या काळासाठी अल्पमुदतीचे पूरक कर्ज देतात. त्याचा व्याजदर सामान्य गृहकर्जापेक्षा बहुधा अधिक असतो आणि ठरलेल्या मुदतीत जुने घर विकले जाणे आवश्यक असते.

जुने घर न विकता भाड्याने देण्याचा तिसरा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. वरील उदाहरणात जुने घर समजा १८ हजार रुपये भाड्याने गेले, तरी त्याच्या हप्त्यासाठी दरमहा आठ हजार रुपये पदरचे घालावे लागतील. शिवाय नव्या घरासाठी मूल्याच्या ७५ टक्के कर्ज मिळाले तरी सुमारे ४० लाख ६० हजार रुपये स्वतःजवळ असावे लागतील, आणि दोन्ही हप्त्यांची बेरीज ९७ हजारांच्या वर जाईल.

चौथा मार्ग फारसा चर्चेत नसतो. आपले घर भाड्याने देऊन मोठे घर भाड्याने घेणे, हा तो मार्ग होय. मुले काही वर्षांत शिक्षणासाठी बाहेरगावी जाणार असतील, तर मोठ्या जागेची गरज तात्पुरती ठरते. अशा कुटुंबाने वीस वर्षांचे नवे कर्ज घेण्यापूर्वी हा पर्याय अवश्य तपासावा.

तारण असलेल्या घराची विक्री

कर्ज शिल्लक असलेले घर विकता येते, परंतु ही बाब खरेदीदारापासून लपवून ठेवता कामा नये. साधारणपणे विक्रेता बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ दस्तऐवजांची यादी घेतो. खरेदीदाराची बँक ती रक्कम थेट विक्रेत्याच्या बँकेला देते आणि उर्वरित रक्कम विक्रेत्याला मिळते. कर्ज फिटल्यावर 'थकबाकी नाही' असे प्रमाणपत्र घेणे आणि केंद्रीय नोंदवहीतील बोजा उतरला आहे याची खात्री करणे आवश्यक असते.

बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल वैयक्तिक कर्जदाराकडून बँकांनी दंड घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये दिला. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार, संपूर्ण कर्ज फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे बंधनकारक आहे. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसासाठी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका हस्तांतरित करताना संस्थेला घेता येणाऱ्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५ हजार रुपये आहे. याहून मोठ्या रकमेची 'ऐच्छिक देणगी' मागितली गेल्यास ती देण्याचे बंधन सदस्यावर नसते.

कराचा हिशेब

घराच्या विक्रीवरील भांडवली नफा हा हाती उरलेल्या रकमेवरून ठरत नाही. ४० लाखांना घेतलेले घर ७० लाखांना विकले, तर फेडलेले कर्ज कितीही असले तरी नफा ढोबळमानाने ३० लाखांचाच धरला जातो. घर २४ महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असल्यास तो दीर्घकालीन नफा ठरतो. त्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दराने कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के दराने कर मोजण्याचा पर्यायही ठेवण्यात आला.

हा नफा दुसऱ्या निवासी घरात गुंतविल्यास करातून सूट मिळते. त्यासाठी नवे घर विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत खरेदी करावे लागते. घर बांधावयाचे असल्यास विक्रीनंतर तीन वर्षांची मुदत असते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम वापरली गेली नसेल, तर ती भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. नवे घर तीन वर्षांच्या आत विकल्यास ही सूट रद्द होते.

जुन्या करप्रणालीत मुद्दलाच्या परतफेडीवर वजावट घेतली असेल आणि ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर ती वजावट परत उत्पन्नात मिळविली जाते. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. म्हणून केवळ 'कर वाचतो' या कारणासाठी मोठे कर्ज घेण्यात आता पूर्वीइतके तथ्य राहिलेले नाही.

५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराच्या खरेदीदाराने विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का कर कापून सरकारजमा करावयाचा असतो. त्यामुळे ७० लाखांच्या विक्रीत ७० हजार रुपये तूर्त कमी हाती येतील, तर नवे घर घेताना याच कुटुंबाला १ लाख १० हजार रुपये कापून भरावे लागतील. विक्रेता अनिवासी भारतीय असल्यास एक टक्क्याचा हा नियम लागू होत नाही. अशा वेळी सनदी लेखापालाचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरते.

नवे घर पाहताना

तयार घर आणि बांधकामाधीन घर यांच्या किमतीची तुलना करताना वस्तू व सेवा कर विसरून चालत नाही. एप्रिल २०१९ पासून बांधकामाधीन सदनिकांवर ५ टक्के, तर परवडणाऱ्या घरांवर १ टक्का कर आकारला जातो. बांधकाम पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नसतो. बांधकामाधीन घराचा ताबा लांबल्यास भाडे आणि हप्ता असा दुहेरी भार पडतो. जुने घर आधीच विकलेल्या कुटुंबासाठी हा धोका अधिक गंभीर असतो.

स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार विकासकाला नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घराचे क्षेत्रफळही चटई क्षेत्रानुसारच सांगावे लागते. जुने घर चटई क्षेत्रात आणि नवे 'विक्रीयोग्य' क्षेत्रात मोजून केलेली तुलना फसवी असते. दोन्ही घरांत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा किती, हे मोजपट्टीने पाहिल्यास 'मोठे' वाटणारे घर फार मोठे नसल्याचेही आढळून येते. वाढलेला मासिक देखभाल खर्च, मालमत्ता कर, वाहनतळाची सोय, मुलांच्या शाळेचे आणि वृद्धांच्या रुग्णालयाचे अंतर या बाबीही किमतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. जुन्या कर्जासोबत घेतलेला विमा नव्या कर्जाला लागू होतो की नाही, हेही विचारून घ्यावे.

नव्या घरासाठी बयाणा देताना बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष आढळल्यास रक्कम परत मिळेल, अशी अट लेखी करून घ्यावी. त्याचप्रमाणे जुने घर विकताना ताबा देण्याची तारीख नव्या घराच्या ताब्यानंतरची ठरवावी. दोन्ही करारनाम्यांतील या तारखांचा मेळ बसला, तर मधल्या काळातील भाडे आणि दुहेरी हप्ता हे दोन्ही टळू शकतात.