कोडच्या कचाट्यातून सुटलेली भुतं

१९५४ साली अमेरिकेत कॉमिक्सवर जवळजवळ खटलाच भरला. पोरं बिघडतात ती कॉमिक्स वाचून, असं फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तकच लिहिलं. सिनेटच्या उपसमितीने सुनावणी घेतली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःहून ‘कॉमिक्स कोड’ गळ्यात बांधून घेतला. त्यात व्हॅम्पायर बाद, चालती प्रेतं बाद, नावात ‘हॉरर’ हा शब्दही बाद! भयकथांचा बाजार उठला.

दहा वर्षांनी जेम्स वॉरन या प्रकाशकाने पळवाट शोधली. कोडचा अंमल कॉमिक्सच्या छोट्या पुस्तिकांवर होता, मोठ्या आकाराच्या मासिकांवर नव्हता. १९६४ मध्ये त्याने ३५ सेंटांत ‘क्रीपी’ आणलं. मागोमाग ‘ईरी’ आणि १९६९ मध्ये ‘व्हॅम्पिरेला’ आलं. आतली पानं काळी-पांढरी, कारण ते स्वस्त पडे. हा चिक्कूपणा चित्रकारांच्या मात्र पथ्यावर पडला.

रंगीत कॉमिक्सच्या स्वस्त छपाईत ठिपक्यांचे भडक रंग रेषेवर चढून बसत. इथे रेषा उघडी होती. रीड क्रँडल पेनाच्या बारीक रेघांनी जुन्या कोरीव छापचित्रासारखी पानं भरायचा. १९६६ मध्ये ‘स्पायडरमॅन’ सोडून आलेल्या स्टीव्ह डिटकोने शाईत पाणी घालून राखाडी छटा खेळवल्या. १९७१ पासून बार्सिलोनाचे चित्रकार आले. त्यांतल्या होसे गोन्झालेसने व्हॅम्पिरेलाला देखणं रूप दिलं. कथा कधीकधी अगदीच बेतास बात असत, ते सोडा.

मुखपृष्ठांमुळे नाव झालं फ्रँक फ्राझेटाचं, आणि ते रास्तच आहे. पण माझ्या मते खरी कमाल आतल्या पानांवर आहे. बर्नी राइटसनची ‘जेनिफर’ (१९७४) घ्या. कथा ब्रूस जोन्सची. एका मुलीचा जीव जाणार, इतक्यात नायक तिला वाचवतो आणि घरी आणतो. बांधा रेखीव, सोनेरी केस; केसांआडचा चेहरा मात्र राक्षसी, डोळे मोठे काळे, दात वेडेवाकडे. राइटसन तिला नुसती भयंकर करत नाही. तिची कीवही यावी आणि शिसारीही, अशा बेताने तो चेहऱ्यावर सावली टाकतो. हे भडक रंगात साधलं नसतं.

वॉरनची कंपनी १९८३ मध्ये बुडाली. २००८ पासून डार्क हॉर्स या प्रकाशनाने ‘क्रीपी’चे जुने अंक जाडजूड खंडांत पुन्हा छापले. हाती लागले तर आधी नुसती चित्रं बघा, कथा मागाहून वाचा.