अंगावरून वारं गेल्यावर कोणता डॉक्टर शोधायचा?

आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं'. बंगळूरजवळच्या होसकोट्यातले कन्नड शेजारी त्यालाच 'पार्श्ववायू' म्हणतात. वारा दोन्हीकडे आहेच. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या गावाभोवती आता कारखाने आणि गोदामं आहेत. नोकरीसाठी इथे आलेली मराठी मुलं आईवडिलांनाही गावाकडून घेऊन येतात. त्यांच्यापैकी कुणाला झटका आला, की डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ असते: 'फिजिओ चालू ठेवा'. गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज: फिजिओ लावला, आता वेगळा डॉक्टर कशाला?

वस्तुस्थिती: फिजिओथेरपिस्टचं शिक्षण बीपीटी किंवा एमपीटी, व्यायाम तेच शिकवतात आणि त्यांच्यावाचून भागत नाही. पुनर्वसनाचा डॉक्टर मात्र एमबीबीएसनंतर 'फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन' या विषयात एमडी किंवा डीएनबी झालेला असतो. आखडलेल्या स्नायूंसाठी औषध किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन, पायाला आधार देणारी पट्टी, योग्य मापाची व्हीलचेअर, लघवीवरचा ताबा, अंथरुणातल्या जखमा हे सगळं तो पाहतो. पाटीवर 'पीएमआर' ही अक्षरं शोधा. नोंदणी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर तपासता येते.

गैरसमज: हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे.

वस्तुस्थिती: मुंबईत हाजी अलीला या विषयाची अखिल भारतीय संस्था १९५५पासून उभी आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांचे पाय १९५४च्या मोटार अपघातात कायमचे लुळे पडले. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या आणि परतल्यावर वेल्लोरला हा विभाग उभा केला.

गैरसमज: यासाठी रोज बंगळूर गाठावं लागेल.

वस्तुस्थिती: व्यायाम रोजचे असतात, डॉक्टरची भेट अधूनमधून. आधी गावालगतच्या एमव्हीजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. बंगळूरमध्ये सेंट जॉन्सला पीएमआर विभाग आहे आणि निम्हान्समध्ये मेंदू व मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी पुनर्वसन विभाग. लिंगराजपुरममधली 'असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी' ही संस्था १९५९पासून अपंगांसाठी काम करते. यांपैकी कुठेही लिहून दिलेले व्यायाम होसकोट्यातल्या फिजिओकडूनही करून घेता येतात.

गैरसमज: हात धरून ओढलं, की माणूस लवकर उठतो.

वस्तुस्थिती: लुळ्या बाजूचे खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकतं. त्याच हाताला धरून ओढलं की खांदा दुखावतो आणि पुढे महिनोन् महिने व्यायामाच्या आड येतो. उठवताना एक हात पाठीमागून खांद्याच्या फऱ्यावर आणि दुसरा कमरेला द्या. बसल्यावर लुळा हात उशीवर ठेवा, लोंबकळू देऊ नका. लुळ्या अंगाला कबुतराचं रक्त चोळण्याचा उपायही काही जण सुचवतात. त्यात वेळ आणि कबूतर दोन्ही जातं. नसेला त्याचा काही उपयोग नाही.

गैरसमज: पहिल्या दिवसापासून जितकं चालवाल तितकं चांगलं, सहा महिने उलटले, की संपलं.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१०४ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या चोवीस तासांत वारंवार उठवून चालवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीची काळजी घेतलेल्यांपेक्षा थोडी मागेच राहिली. कधी उठवायचं, किती वेळ, हे म्हणूनच डॉक्टरने ठरवायचं. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढे तो मंदावतो, पण वर्षानंतरही सरावाने नवी कामं जमू लागतात.

गैरसमज: बोलत नाहीत, म्हणजे त्यांना काही कळत नाही.

वस्तुस्थिती: मेंदूतल्या भाषेच्या भागाला इजा झाली, तर समज शाबूत असूनही शब्द सापडत नाहीत. त्यात आयुष्यभर मराठी बोललेल्या आजींना कन्नडमध्ये किंवा हिंदीत प्रश्न विचारले, तर त्या आहेत त्याहून जास्त आजारी वाटतात. वाचा-उपचाराला घरचं माणूस सोबत जावं. चहा, उशी, लघवी, दुखतंय, नातवाचं नाव अशा रोजच्या वीस शब्दांची यादी न्यावी.

गैरसमज: अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गावीच जावं लागतं.

वस्तुस्थिती: यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र देशभर चालतं. राहत्या जिल्ह्यातून त्याचा अर्ज करता येतो.

पहिल्या भेटीला डिस्चार्जचे कागद, एमआरआय आणि चालू गोळ्या न्या. 'बाबांना काय करता यायला हवं?' असं डॉक्टर विचारतील, तेव्हा 'बरे व्हायला हवेत' एवढ्यावर थांबू नका. पलंगापासून संडासापर्यंत किती पावलं आहेत, मध्ये उंबरा आहे का, हे घरी मोजून जा. बारा पावलं आणि एक उंबरा सांगितलात, की उपचार कुठून सुरू करायचा ते डॉक्टरला कळतं.