किडनीतली गाठ आणि सुईची साक्ष

ज्ञान कशाला म्हणायचं आणि पुरावा कशाला, याची चर्चा आपण या व्याख्यानमालेत करत आलो आहोत. आज तीच चर्चा जरा दवाखान्यात नेऊ या. प्रश्न असा आहे: किडनीत गाठ दिसली, तर शस्त्रक्रियेआधी केलेल्या बायोप्सीवर कितपत विश्वास ठेवायचा? आपण इथे कोणाला उपचार सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पुराव्याचं वजन कसं करायचं, एवढंच पाहू.

आधी परिस्थिती समजून घेऊ. भलत्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी करावी आणि अहवालात किडनीतल्या गाठीची ओळ यावी, असं आजकाल बऱ्याच वेळा होतं. अशा गाठी बहुधा लहान, चार सेंटिमीटरच्या आतल्या असतात. शस्त्रक्रिया करून काढलेल्या या लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक कर्करोगाची नसते. ज्या गाठीत चरबी दिसते, ती सीटी स्कॅनवर बहुतेक वेळा ओळखता येते. पण ऑन्कोसायटोमासारखी निरुपद्रवी गाठ स्कॅनमध्ये हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते. म्हणजे एका बाजूला विनाकारण किडनीचा भाग, कधी सबंध किडनी गमावण्याचा धोका. दुसऱ्या बाजूला खरा कर्करोग सोडून देण्याचा धोका.

मग सुई घालून तुकडा तपासावा, हे सरळच वाटतं. स्तनातल्या गाठीत तसंच करतात. पण किडनीच्या बाबतीत थेट शस्त्रक्रिया करण्याची परंपरा दीर्घकाळ चालली. त्यामागे तीन शंका होत्या: सुईच्या वाटेने रोग पसरेल, रक्तस्राव होईल, आणि मिळालेलं उत्तर भरवशाचं नसेल. पैकी रोग पसरल्याची उदाहरणं फारच विरळ आहेत. आता सुई बाहेरच्या नळीतून आत नेतात. रक्तस्राव होतो, पण बहुतेक वेळा थोडा असतो आणि आपोआप थांबतो. उरली तिसरी शंका, आणि ती आपल्या विषयाची आहे.

बायोप्सी दोन नव्हे, तीन उत्तरं देते: कर्करोग आहे, कर्करोग नाही, आणि सांगता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे १४ टक्के वेळा हे तिसरं उत्तर आलेलं दिसतं. सुई गाठीच्या शेजारी लागली, मेलेला भाग हाती आला, तुकडा अपुरा पडला, अशी त्याची कारणं असतात. ‘सांगता येत नाही’ हे ऐकून पुष्कळ लोक सुटकेचा श्वास टाकतात. तो टाकू नये. साक्षीदार न्यायालयात आलाच नाही, म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही. अशा वेळी पुन्हा बायोप्सी केली तर बऱ्याच जणांना उत्तर मिळतं.

आता त्याच आढाव्यातले आणखी आकडे पाहा. कर्करोग असेल तर बायोप्सी तो सुमारे ९७ टक्के वेळा पकडते. ‘आहे’ म्हणाली तर ते जवळपास नेहमीच खरं निघतं. पण ‘नाही’ म्हणाली, तर ते खरं असण्याचं प्रमाण फक्त ६८ टक्क्यांच्या आसपास. एकाच सुईची एक साक्ष इतकी पक्की आणि दुसरी इतकी ढिली कशी?

हिशेब करू. समजा २०० जण आहेत, त्यांपैकी १६० जणांना कर्करोग आहे. बायोप्सी १५६ पकडेल, ४ निसटतील. उरलेल्या ४० पैकी साधारण ३८ जणांना ती बरोबर ‘नाही’ म्हणेल. एकूण ४२ ‘नाही’, त्यांत ४ चुकीचे. म्हणजे दहात एक. आता दुसरे २०० घ्या, ज्यांत १९० जणांना कर्करोग आहे. इथे ५ निसटतील आणि खरे ‘नाही’ जेमतेम १०. पंधरात पाच चुकीचे, म्हणजे तिनात एक! सुई तीच, माणसं बदलली. ‘नाही’ ऐकूनही ज्यांची शस्त्रक्रिया होते, ते बहुधा असेच, ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना आधीच दाट संशय असतो. आढाव्यातला तो आकडा अशाच लोकांवरून काढलेला आहे. म्हणून तो सरसकट सगळ्यांना लावता येत नाही.

आपल्या परंपरेत याला एक नेमका शब्द आहे. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी हे प्रमाण मानतात: वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही असं कळतं. पण अट घालतात, अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. बायोप्सीच्या ‘नाही’ला हीच कसोटी लावायची. तुकडा गाठीतलाच होता का, पुरेसा होता का, स्कॅनशी जुळतो का? पॅथॉलॉजिस्टने ‘ही अमुक निरुपद्रवी गाठ आहे’ असं नाव घेऊन सांगितलं, तर ते नुसत्या ‘कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत’ यापेक्षा कितीतरी वजनदार. तरी ऑन्कोसायटोमा आणि त्याच्यासारखा दिसणारा एक कर्करोग यांत छोट्या तुकड्यावरून फरक करणं अवघड जातं, हे ध्यानात ठेवावं. शिवाय गाठ सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे रोग किती आक्रमक आहे याचा अंदाज कमी येऊ शकतो.

शेवटचा मुद्दा. उत्तर काहीही आलं तरी निर्णय तोच राहणार असेल, तर सुई कशाला टोचायची? पण वय जास्त आहे, दुसरी किडनी अशक्त आहे, नुसतं लक्ष ठेवून राहण्याचा पर्याय आहे, किंवा गाठ दुसऱ्या अवयवातून आलेली असावी असा संशय आहे, तिथे उत्तराने वाट बदलते. म्हणून ‘बायोप्सी विश्वासार्ह आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. डॉक्टरांना विचारावं: ‘आहे’ आलं तर आपण काय करू, ‘नाही’ आलं तर काय करू, आणि ‘सांगता येत नाही’ आलं तर काय? या तिन्हींची उत्तरं सुई टोचण्याआधी मिळालेली असावीत.