शिडीखालची रद्दी

मैत्रिणींनो, दिवाळीआधी घर रंगवायला काढले की आपली कोण तारांबळ उडते! कपाटे सरकवा, भांडी झाका, फरशीला डाग नकोत म्हणून रद्दी पसरा. गेल्या वर्षी मीही पसरली, अगदी शिडीच्या पायाखालीसुद्धा. रंगारीमामा म्हणाले, "बाई, इथली काढू का?" मी म्हटलं, "राहू द्या हो, फरशी नवी आहे."

अर्ध्या तासात धाडकन आवाज आला. कागदावरून शिडी घसरली होती. उंची जेमतेम आठ फूट. पण मामा टाचांवर आदळले. आम्ही शेजारणींनी त्यांना उठवून बसवलं, पाणी पाजलं, रिक्षात घातलं. डॉक्टर आमच्यावरच रागावले. उंचावरून टाचेवर पडलेल्या माणसाचा मणकाही मोडलेला असू शकतो, म्हणून त्याला हलवायचे नाही. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून पाणीही द्यायचे नाही. मणका नशिबाने शाबूत होता. टाचेचे हाड मात्र मोडले.

तीन महिने मामा घरी बसले. दवाखान्याचा खर्च आम्ही केला; पण बुडालेल्या रोजाचे काय? त्यांची बायको आली. "ठेकेदार म्हणतो, बाईंच्या घरी पडला, त्यांनाच विचारा." खरं सांगू? 'ठेकेदाराला विचारा' असं मीही म्हणणारच होते!

इमारतीच्या परांचीवरून कुणी पडला की आपण ठेकेदाराला नावे ठेवतो. कठडा नाही, कमरेला पट्टा नाही, हेल्मेट नाही. ते खरंच आहे. पण कामगार आपल्या दारी येतो, तेव्हा आपलं घरही कामाची जागाच असते, नाही का?

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

शिडी कोरड्या, मोकळ्या फरशीवरच ठेवू द्या. खाली कागद, प्लॅस्टिक नको. पायांचे रबर झिजलेले असेल तर ती शिडी परत पाठवा.

भिंतीला टेकवायची शिडी चार फूट उंचीमागे एक फूट भिंतीपासून दूर असावी. घडीची शिडी पूर्ण उघडून घ्यावी आणि अगदी वरच्या पायरीवर कुणी उभे राहू नये.

विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी नको.

कुणी पडलेच, तर हलवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आणखी एक. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. आपल्या राज्यात त्यांचे कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या, वर्षात किमान ९० दिवस असे काम केलेल्या कामगाराची तिथे नोंदणी होते. रंगारी, गवंडी, बिगारी सगळे त्यात येतात. नोंदणी असेल तर अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास मदत मिळू शकते. मामांना याचा पत्ताच नव्हता. शाळेत मुलांचे अर्ज तपासणारी मी. त्यांचा अर्ज मीच भरून दिला. तुमच्याकडे येणाऱ्या कामगाराला एकदा विचारा तरी, "नाव नोंदवलंय का?"

यंदा मामा पुन्हा आले. थोडे लंगडतात. त्यांनी शिडी उघडायच्या आधीच मी खालची रद्दी उचलली. फरशीवर रंग सांडलाच, तर लगेच ओल्या फडक्याने पुसावा, निघून जातो. गेल्या वर्षी एवढं सुचलं असतं तर!