कशेळीच्या सड्यावर

इतिहास मंडळाची सहल कशेळीला जाणार, अशी सूचना गेल्या डिसेंबरात फलकावर लागली तेव्हा मला मुळीच उत्साह वाटला नाही. सहलीला जायचे आणि बघायचे काय, तर सडा! सड्यावर मी जन्मापासून वावरते आहे. माझे बाबा चिरेखाणीवर मजुरी करतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि माझी दोन्ही वर्षांची फी याच जांभ्या दगडातून निघालेली आहे. त्यामुळे दगडात नवीन ते काय पाहायचे, असेच मनात होते. सहलीहून परतल्यावर मात्र लिहिल्यावाचून राहवेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

रत्नागिरीहून कशेळी सुमारे ३५ किलोमीटर. प्रासंगिक करारावर घेतलेली आमची एस.टी. भाट्याची खाडी ओलांडून पावसला आली, पूर्णगडच्या पुलावरून मुचकुंदीची खाडी पार झाली आणि गावखडीच्या सुरूच्या बनानंतर गाडी पुन्हा चढू लागली. उजव्या हाताला समुद्र, खाली माडांच्या बागा, आणि वर आले की एकदम सगळी हिरवळ संपते. नजर पोचेल तिथपर्यंत काळपट उघडा कातळ आणि वाळलेले गवत. पावसाळ्यात हाच सडा फुलांनी भरून जातो. पण माती जेमतेम बोटभर, म्हणून पाऊस सरला की दोन महिन्यांत तो वाळवंटासारखा रखरखीत होतो. सावलीला एक झाड मिळत नाही.

रस्त्यावर उतरून थोडे अंतर चालल्यावर सर थांबले आणि म्हणाले, "हत्ती पाहा." आम्ही सगळे इकडेतिकडे पाहू लागलो. भर दुपारची वेळ होती. कातळावर चिरा, खळगे आणि खरबरीतपणा याशिवाय काहीच दिसेना. मागून कोणीतरी हसलेही. सर म्हणाले, "डबे खाऊन घ्या. ऊन कलू द्या." चारच्या पुढे ऊन तिरपे झाले, दगडातल्या खोदीव रेषांत सावली भरली आणि पायाशी पाठीचा बाक दिसू लागला, मग सोंड, मग पाय. मी हत्तीच्या कडेलाच बसून डबा खाल्ला होता! म्हणून कोणी जाणार असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. दुपारी गेल्यास निराशाच पदरी येईल.

हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. त्याच्या अंगात जनावरे, पक्षी, मासे अशा कितीतरी लहान आकृती कोरलेल्या आहेत. अशा कोरीव चित्रांना कातळशिल्पे किंवा कातळखोद चित्रे म्हणतात. लेण्यांतील शिल्पे उभ्या भिंतीत असतात; ही मात्र जमिनीवर पसरलेली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि गोव्यात ती आढळतात. आजवर हजाराहून अधिक आकृतींची नोंद झालेली आहे. बारसूला एक मनुष्याकृती असून तिच्या दोन बाजूंना दोन वाघासारखे प्राणी आहेत. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनात कोरलेली नागमोडी रेषांची आकृती आहे. देवाचे गोठणे येथे चित्राजवळ होकायंत्र ठेवले तर सुई भरकटते, कारण तेथील खडकातच चुंबकीय गुण आहे.

ही चित्रे कोणी काढली? आमच्याकडे न उलगडणारे जे जे असेल ते पांडवांनी केलेले असते, तसे यांचेही आहे. शास्त्रीय उत्तर सोपे नाही. कोळसा किंवा हाड सापडले तर कार्बन पद्धतीने त्याचा काळ ठरवता येतो. दगडातल्या खाचेत तसे काही उरत नाही. मग चित्रांनाच विचारावे लागते. त्यांत शिकारीची जनावरे आहेत, जलचर आहेत, पण नांगर नाही, शेती नाही. आज कोकणात नसलेला गेंडाही त्यांत आहे. यावरून मध्याश्मयुगापासून, म्हणजे सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीपासून, ही चित्रे काढली गेली असावीत, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगाव पायी फिरून यांतली असंख्य चित्रे शोधली. वाट दाखवली ती पुष्कळदा गावच्या माणसांनी आणि गुराख्यांनी. २०२२ साली कशेळीसह नऊ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमळ आहे.

सर हे सांगत होते तेव्हा माझे लक्ष दुसरीकडेच गेले होते. चिरेखाण सुरू करताना वरचा कडक थर आधी काढून टाकतात. तो चिऱ्याला चालत नाही. चांगला दगड त्याच्या खाली असतो. आणि चित्रे असतात ती नेमकी या वरच्या थरावर! सड्यावर पीक येत नाही, म्हणून विकायची वेळ आली की घरातली माणसे आधी सडाच विकतात. त्यात त्यांची चूक म्हणवत नाही. पण पहिल्याच दिवशी जो थर फोडून बाजूला टाकला जातो, त्यावर काय होते हे कोण पाहतो?

घरी येऊन हे बाबांना विचारायला मला आठ दिवस लागले. त्यांना दोष दिल्यासारखे होईल अशी भीती वाटत होती. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी स्वतःच म्हणाले, "चल, दाखव." आम्ही दोघे एस.टी.ने कशेळीला गेलो. आम्हा चाळीस जणांना जे दुपारी दिसले नाही, ते बाबांना सकाळी दहा वाजता दिसले. उकिडवे बसून त्यांनी खाचेतून बोट फिरवले आणि म्हणाले, "ही रेघ फुटलेली न्हाय गो. काढलेली हाय." मग हत्तीच्या कडेने ते पूर्ण फेरी मारून आले. तो दगड किती कडक असतो ते त्यांना ठाऊक होते. ज्याने हे लोखंडाशिवाय केले असेल त्याचे हात कसे असतील, एवढेच त्यांनी मला विचारले.

बाबा अजून खाणीवर जातात. घर त्यावरच चालते. पण नवा तुकडा उघडण्याआधी ते गवत बाजूला करून, झाडू मारून कातळ पाहतात. सोबतचे लोक थट्टा करतात. अजून काही सापडलेले नाही. आपल्या महाविद्यालयात सड्यावरच्या वाड्यांतून येणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. या सुटीत घरी गेल्यावर एकदा संध्याकाळी त्यांनी सड्यावर जावे, गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारावे आणि काही दिसले तर इतिहास विभागाला येऊन सांगावे, एवढीच विनंती.